हात मागे बांधून करायचे बागकाम

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी आयुष्यात एकही रोप लावलेले नाही त्यांना ती लवकर समजेल, कारण त्यांना विसरायचे काही नाही. ज्यांच्या गुलाबाला प्रदर्शनात बक्षीस मिळाले आहे, जे मोगऱ्याला न चुकता शेणपाणी देतात आणि ज्यांच्या हाताला गुण आहे असे अख्खी सोसायटी म्हणते, त्यांनी मात्र प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचावा. धोका त्यांच्याकडूनच आहे.

लावायची आहे सीतेची वेणी. शास्त्रीय नाव ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा. ते एकदा म्हणून पाहावे आणि सोडून द्यावे. रोप त्या नावाला ओ देत नाही. कोकण, गोवा आणि सह्याद्रीचे घाट हे तिचे आपल्याकडचे घर. आंबा, फणस, जांभूळ, ऐन यांच्या फांद्यांवर ती वर्षाचे बहुतेक महिने कोणाच्या नजरेत न भरता राहते आणि मे-जूनमध्ये पानांच्या बगलेतून फुलांचे घोस खाली लोंबू लागतात. एका घोसात शंभराच्या वर फुले. प्रत्येक फूल जेमतेम दोन सेंटीमीटरचे, पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपके, एक पाकळी गडद. घाटातून जाणारी गाडी थांबते, लोक उतरतात, फोटो काढतात आणि कोणीतरी म्हणतो, "आपल्या गॅलरीत काय मस्त दिसेल!" पुढचा सगळा मजकूर या गृहस्थांना उद्देशून आहे.

आधी घरच्यांची समजूत

रोप घरी येण्याआधी वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावे. कोकणातल्या बागायतदाराच्या घरात झाडावर उगवलेले झाड म्हणजे बांडगूळ, आणि बांडगूळ दिसले की कोयता, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा कायदा आहे. "पैसे मोजून बांडगूळ आणलंस?" हा प्रश्न येणारच. तो विचारणाऱ्या काकांचे बांडगुळाविषयीचे ज्ञान अगदी बरोबर असते, हे आधी मान्य करावे. आंब्यावरचे खरे बांडगूळ फांदीच्या आत शिरते, तिथले पाणी आणि क्षार ओढून घेते, आणि त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळते. ते काढलेच पाहिजे.

सीतेची वेणी फांदीवर नुसती बसते. तिची मुळे सालीला घट्ट चिकटतात, पण आत घुसत नाहीत. पाणी पावसाचे, धुक्याचे, दवाचे. खत म्हणजे सालीच्या खाचेत अडकलेला पालापाचोळा, पाखरांची शीट आणि पावसाने धुऊन आणलेले जे काही असेल ते. आंब्याकडून तिला हवी असते ती उंची, कारण रानाच्या तळाशी ऊन पोचत नाही. काकांना हे सांगून पाहावे. ते "हं" म्हणतील. त्या "हं"चा अर्थ कोयता कुठे ठेवला आहे ते आठवत आहेत असा घ्यावा आणि पहिली काही वर्षे लक्ष ठेवावे.

याच ठिकाणी मुळांची ओळख करून घ्यावी, कारण पुढचा सगळा संसार त्यांच्याशी आहे. ती पेन्सिलीएवढी जाड, गोल, रुपेरी-पांढरी असतात आणि हवेत मोकळी लोंबतात. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचे एक आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. ते टिपकागदासारखे काम करते. सर आली की काही क्षणांत पाणी शोषून घेते, मग ते सावकाश आत पोचवते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ रुपेरी दिसते. भिजले की आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. रुपेरी म्हणजे तहान, हिरवे म्हणजे पुरे. इतकी स्पष्ट भाषा बोलणारी वनस्पती दुसरी सापडणे कठीण. तरीही ती वाचण्याऐवजी लोक मातीत बोट खुपसून ओलावा पाहायला जातात. इथे माती नाही.

मिळवण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे आंबोलीहून परत येताना गाडी बाजूला घेणे. हा मार्ग बंद आहे. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून झाड काढणे गुन्हा आहे, आणि देशोदेशींच्या व्यापारापुरते बोलायचे तर सबंध ऑर्किड कुळच साइटीस कराराच्या परिशिष्टांत आहे. कायद्याची भीती नसणाऱ्यांसाठी दुसरे कारण. फांदीवरून ओरबाडलेल्या रोपाची मुळे सालीवरच राहतात आणि हातात येतो तो पानांचा जुडगा. जाड पानांत साठवलेल्या पाण्यावर तो कित्येक आठवडे, कधी काही महिनेही टवटवीत राहतो. नवा मालक खूश असतो. मग एक-एक पान सुरकुतते, गळते, आणि मालक म्हणतो की आमच्या हवेत हे येत नाही. घाटातल्या वळणावर प्लास्टिकच्या पिशवीत विकायला ठेवलेली रोपे बहुधा याच प्रवासाला निघालेली असतात. त्यांची दया येऊन ती विकत घेऊ नयेत. दयेमुळे उद्या आणखी दहा उपटली जातात.

दुसरा मार्ग बी पेरण्याचा. पुस्तकी वाचकांना तो आवडेल. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. दिसायला ती नुसती पूड. हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी शिधा बांधून दिलेला असतो, इथे तो जवळजवळ नाहीच. बी उडते, एखाद्या फांदीवर पडते आणि तिथे योग्य ती बुरशी भेटली तरच रुजते. सुरुवातीचे अन्न ती बुरशी पुरवते. हे कोडे फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ साली सोडवले. त्याआधी युरोपातले माळी ऑर्किडचे बी पेरून पेरून थकले होते, क्वचित काही उगवले तर ते आईच्याच कुंडीत, आणि ते का उगवले हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढे १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुइस नडसन यांनी बुरशीला रजा दिली. निर्जंतुक काचपात्रात अगर, क्षार आणि साखर घालून त्यांनी बी रुजवून दाखवले. आज बाजारात येणारी बहुतेक ऑर्किडे याच रीतीची नातवंडे. घरी हा प्रयोग करायचा तर निर्जंतुक हवेची पेटी लागते, आणि एवढे करून फूल दिसायला काही वर्षे. गॅस ओट्यावर हे करू नये. निदान सासूबाई गावी गेल्याशिवाय करू नये.

तिसरा मार्ग रोपवाटिकेचा, आणि नवशिक्यांनी तोच धरावा. प्रयोगशाळेत वाढवलेली, मग बाहेरच्या हवेला रुळलेली, हातभर नाही तरी वीतभर पानांची रोपे घ्यावीत. बाटलीतली इवली रोपे स्वस्त असतात आणि फार गोड दिसतात. ती घेऊ नयेत. दुकानात गेल्यावर पानांकडे पाहून मान डोलवायची सवय असते, ती आवरून खाली मुळे पाहावीत. दोन-चार तरी टणक, रुपेरी मुळे हवीत, आणि एखाद्याचे टोक हिरवे असेल तर लगेच पैसे द्यावेत. ते मूळ वाढते आहे. फूल असलेलेच रोप मागू नये. घोस पाहून रोप घेणारा गिऱ्हाईक विक्रेत्याला बरा वाटतो, पण त्याला घरी नेल्यावर तीन आठवड्यांनी फुलांविना उरलेल्या पानांचे काय करायचे ते कळत नाही.

चौथा मार्ग फक्त नशीबवानांचा. स्वतःच्या आवारातल्या आंब्याची फांदी वादळात मोडून पडली आणि तिच्यावर सीतेची वेणी असली, तर रोप सोडवत बसू नये. फांदीचा तेवढा तुकडा करवतीने कापावा आणि आहे तसा टांगावा. लागवड झाली. पुढचा भाग वाचण्याची गरज नाही, पाण्याच्या प्रकरणावर जावे.

लागवड

साहित्य: खरबरीत सालीचा आंब्याचा किंवा फणसाचा ओंडका, अथवा सागाच्या पट्ट्यांची खिडक्या-खिडक्यांची टोपली, टोपली घेतल्यास लोणारी कोळशाचे मोठे तुकडे आणि विटांचे खडे, काथ्याची किंवा नायलॉनची दोरी. माती, शेणखत, गांडूळखत, कोकोपीटची वीट, सुंदर चिनीमातीची कुंडी: हे सर्व गोळा करून दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि खोलीला कडी घालावी.

पेरू किंवा निलगिरीचा ओंडका घेऊ नये. ती झाडे साल टाकतात आणि सालीबरोबर भाडेकरूही टाकतात. नारळाचे सोडण सगळीकडे सुचवले जाते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उपयोगी आहे, कारण ओल धरते. कोकणच्या आषाढात त्याच गुणामुळे घातक आहे. लोणारी कोळसा दोन्हीकडे चालतो, कुजत नाही, आणि इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरत असेल तर त्याच्याकडे मिळतो.

रोप ओंडक्यावर ठेवावे, मुळे सालीवर पसरावीत आणि बांधावीत. शेंडा किंचित तिरका, खालच्या बाजूला झुकलेला असू द्यावा. रानातही तो फांदीवरून असाच झुकलेला असतो, आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. सरळ ताठ उभे केलेले रोप फोटोत छान येते आणि पावसाळ्यात कुजते. दोरी मुळांवरून घ्यावी. खोड आवळू नये.

हे सारे पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, मुळांची टोके हिरवी दिसू लागल्यावर करावे. त्यानंतर नवी मुळे ओंडक्याला धरतात. धरली की नाही हे पाहण्यासाठी दोरी सोडू नये, रोप हलवून पाहू नये, पाहुण्यांना हलवून दाखवू नये. तुटलेल्या मुळाचे टोक पुन्हा वाढत नाही. बाजूने नवे फुटले तर फुटते आणि त्या गडबडीत वर्षाचे फूल जाते. टोपलीतून मुळे बाहेर आली तर ती आत कोंबू नयेत. ती हवेसाठीच बाहेर आली आहेत.

पाणी

आता मुख्य प्रकरण. नवशिक्यांच्या हातून ऑर्किड जाते ते बहुधा पाण्यानेच, आणि तहानेने फार क्वचित.

या बाबतीत आपण एकटे नाही, हे कळल्याने धीर येईल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या श्रीमंतांना उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांचे वेड लागले. जहाजे भरभरून रोपे येत आणि काचघरांत मरत. कारण सरळ होते. उष्ण कटिबंध म्हणजे दमट, कोंदट, अंधारी भट्टी, अशी तिथल्या माळ्यांची समजूत. जॉन लिंडली हे त्या काळचे ऑर्किडांचे मोठे अभ्यासक. त्यांनीही १८३० मध्ये भरपूर उष्णता, भरपूर ओल आणि सावली असाच सल्ला दिला होता. काचघराची दारे-खिडक्या बंद, आत वाफ, रोपे कुजलेल्या सालीच्या ढिगात. ज्या रोपाला खासी टेकड्यांवरच्या वाऱ्याची सवय, त्याला हा हमाम. डेव्हनशायरच्या ड्यूकचे माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या आपल्या हाताखालच्या माळ्याला भारतात पाठवले. गिब्सन खासी टेकड्या फिरून १८३७ मध्ये पेट्याच्या पेट्या ऑर्किडे घेऊन परतला. पॅक्स्टननी चॅट्सवर्थच्या काचघरांत हवा खेळती ठेवली, उष्णता कमी केली, आणि रोपे जगू लागली. याच पॅक्स्टननी पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला. जगातल्या नामांकित काचेच्या इमारतीमागचे एक डोके खिडकी उघडण्यात आधी तयार झाले होते, हे मला फार आवडते. आपण मात्र बंद गॅलरीला सरकत्या काचा बसवतो आणि आत ऑर्किड टांगतो.

तर रीत अशी. सकाळी मुळे रुपेरी दिसली की ओंडक्यावर भरपूर पाणी ओतावे किंवा स्प्रे पंपाने मुळे हिरवी होईपर्यंत भिजवावीत. मग थांबावे. पुन्हा रुपेरी होईपर्यंत दुसरे पाणी नाही. मार्च ते मे या दिवसांत ओंडक्यावरच्या रोपाला पुण्यात दिवसातून दोनदा पाणी लागेल, मुंबईत एकदा पुरेल. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर एकदाही देऊ नये. थंडीत दोन-तीन दिवसांनी, हलक्या हाताने. रानात या दिवसांत पाऊस नसतो, नुसते दव असते. दिवेलागणीला पाणी कधीही नाही. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचले की शेंडा कुजतो, आणि या रोपाची वाढ एकाच शेंड्याने होते. दुसरा फाटा सहसा नसतो. शेंडा गेला म्हणजे पुढचे सगळे गेले.

रात्रीचे आणखी एक प्रकरण आहे. झाडावर राहणारी, जाड पानांची पुष्कळ ऑर्किडे दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. कार्बन डायऑक्साइड ती रात्री घेऊन साठवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. रात्रीची मोकळी, जराशी गार हवा त्यांना म्हणूनच हवी. एसीचे बाहेरचे यंत्र ज्या भिंतीवर रात्रभर गरम वारा फेकते त्या भिंतीवर रोप टांगणाऱ्यांनी यंत्र हलवावे किंवा हौस बदलावी.

पाणी कोणते? पावसाचे. सोसायटीच्या बोअरवेलचे किंवा उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरचे पाणी जड असेल तर मुळांवर पांढरे क्षार बसतात आणि रुपेरी-हिरव्याची सगळी भाषा पुसली जाते. पावसाळ्यात एक-दोन ड्रम भरून, झाकून ठेवावेत. डासांच्या भीतीने सेक्रेटरी नोटीस लावतील. झाकणाचा फोटो त्यांना आधीच पाठवावा.

आता व्यवस्थापनाचा प्रश्न. एका घरात पाणी देणारे चार जण असतात. आई सकाळी पूजेच्या तांब्यातले उरलेले पाणी घालते, कामाला येणाऱ्या मावशी गॅलरी धुताना "त्यालाही दोन थेंब" म्हणून अख्खा मग ओततात, मुले संध्याकाळी, आणि बाबा रात्री उशिरा विचारतात, "आज कोणी पाणी घातलं का रे?" आणि उत्तर न ऐकता घालून येतात. प्रत्येकाचे प्रमाण योग्य असते. बेरीज रोपाला सोसत नाही. यावर उपाय म्हणून घरात एकाच व्यक्तीची नेमणूक करावी. ती व्यक्ती जितकी आळशी तितके उत्तम. दहावी-बारावीत असलेला, सांगितलेले काम निम्म्या वेळा विसरणारा मुलगा या पदासाठी सर्वांत लायक आहे. बाकीच्यांच्या हातांना काम म्हणून शेजारी मनीप्लांटची एक बाटली ठेवावी.

जागा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा: झाडाला बांधा आणि विसरा. मुंबई-ठाणे: पूर्वेची गॅलरी, सकाळचे ऊन, दुपारी पन्नास टक्क्यांची शेडनेट. पुणे, नाशिक, कोल्हापूर: तसेच, पण उन्हाळ्यात खाली पाण्याचे पसरट ताट ठेवून हवा जराशी दमट करावी. नागपूरकरांनी मे महिन्यातल्या गरम वाऱ्यात सीतेच्या वेणीचा हट्ट धरण्यापेक्षा विदर्भातल्या रानात आधीच राहणाऱ्या व्हँडा टेसेलाटाची चौकशी करावी. तिला तिथल्या उन्हाची सवय आहे, आणि तिच्या तपकिरी, रेघारेघांच्या फुलांना उगाच कमी लेखले जाते. न्यू जर्सीतल्या वाचकांनी थंडीत रोप घरात, उजेडाच्या खिडकीपाशी, हीटरच्या कोरड्या झोतापासून दूर ठेवावे. आणि ते तिकडच्याच रोपवाटिकेतून घ्यावे. आईने लोणच्याच्या बरणीशेजारी ओल्या पंच्यात गुंडाळून दिलेले रोप कागदपत्रांशिवाय विमानतळाच्या पुढे जात नाही. बरणी कदाचित जाईल.

उजेड पुरेसा आहे का, हे पानांचा रंग सांगतो. पाहुणे ज्या गडद, तजेलदार हिरव्या पानांना पाहून "काय निगा राखली आहे!" म्हणतात, त्या पानांना ऊन कमी पडते आहे आणि त्या रोपाला फूल येणे अवघड. किंचित पिवळसर, जराशी रापलेली पाने हवीत. म्हणजे कौतुक आणि फूल यांतले एक निवडावे लागेल. पानावर करपल्याचा तपकिरी डाग पडला तर मात्र ऊन जास्त झाले.

खत

थोडे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत एका लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून मग. थंडीत बंद. चहाचा चोथा, अंड्याची टरफले, तांदळाचे धुवण, ताक, केळीच्या साली आणि मोबाइलवर आलेला कोणताही व्हिडिओ यांचा इथे उपयोग नाही.

रोगराई

पानाच्या मागे चिकटलेले तपकिरी ठिपके म्हणजे खवले कीड. मऊ दात-ब्रशाने आणि साबणाच्या पाण्याने पुसावी. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण; त्यांनाही तोच प्रसाद. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची हिरवी टोके खातात, म्हणजे नेमका तोच भाग ज्याच्याकडे पाहून आपण रोप विकत घेतले होते. टॉर्च घेऊन रात्री फिरावे आणि त्या हाताने वेचाव्यात. हात वापरण्याची ही अधिकृत परवानगी आहे, तिचा पुरेपूर लाभ घ्यावा.

वाट पाहणे

वाढलेले, रुळलेले रोप पहिल्या उन्हाळ्यात फुलेल किंवा फुलणार नाही. जागा बदललेले रोप बहुतेक वेळा रुसून वर्ष काढते. या काळात जागा पुन्हा बदलू नये. "तिकडे बरे वाटत नसेल" असा विचार मनात आल्यास खाली जाऊन चक्कर मारून यावे.

रिकाम्या पानांकडे पाहून लोक प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे तयार ठेवावीत. "हे नकली आहे का?" नाही. "याला फूल येतं?" येते. "कधी?" मे-जूनमध्ये. "मागच्या मे-जूनमध्ये आलं होतं?" या प्रश्नावर चहा आणायला आत जावे. दरम्यान वाचन करावे. फादर सांतापाव हे स्पेनहून आलेले जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक. त्यांनी कापडिया यांच्याबरोबर लिहिलेले 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' १९६६ साली प्रसिद्ध झाले. ते चाळले की एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या घाटांत केवढी ऑर्किडे आहेत, आणि आपण लग्नाच्या हॉलमध्ये थायलंडच्या जांभळ्या डेंड्रोबियमच्या काड्या खोचतो.

आणखी मागे जायचे असेल तर सतराव्या शतकात जावे. मलबारचा डच सेनापती व्हान र्‍हीड याने तिथल्या वैद्यांच्या मदतीने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार केला. १६९३ सालच्या बाराव्या खंडात सीतेची वेणी आहे, अन्सजेली मरवारा या मल्याळी नावाने. लिनियसने १७५३ मध्ये तिला लॅटिन नाव दिले, ब्लूमने १८२५ मध्ये ते बदलून आजचे केले. इतक्या लोकांनी तिचे नाव बदलले, पण जागा कोणी बदलली नाही. आंब्यावरची वेणी आंब्यावरच राहिली.

फुलल्यावर

एके सकाळी पानाच्या बगलेत एक हिरवा कोंब दिसेल. तो मूळ आहे की घोस हे पहिले काही दिवस सांगता येत नाही. मूळ गुळगुळीत, चकचकीत टोकाचे असते; घोसाच्या कोंबावर लवकरच बारीक गाठी दिसतात. मूळ निघाले तर निराश होऊ नये, शेजाऱ्यांना आधीच कळवले असल्यास फक्त विषय बदलावा.

घोस असेल तर कळ्या रोज लांबत जातात. या दिवसांत रोप फिरवू नये, कारण घोस उजेडाच्या अंदाजाने वळतो आणि फिरवल्यावर वेडावाकडा होतो. फुले दोन-तीन आठवडे टिकतात. पाणी मुळांना द्यावे, फुलांवर फवारू नये.

आसामात हेच फूल कोपौ म्हणून ओळखले जाते. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे आणि बोहाग बिहूला नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात. तिकडे ते एप्रिलमध्ये, सणाच्या मुहूर्तावर फुलते. आपले राज्यफूल ताम्हण. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, पण सीतेची वेणी हे नाव ठेवून ती केसांत माळण्याचा मान आसामकडे कसा गेला, हा प्रश्न ज्याला छळत असेल त्याने गॅलरीतला घोस तोडून बायकोच्या अंबाड्यात माळावा. सोसायटीत आठवडाभर तोच विषय राहील. मात्र घोस पाण्यात ठेवलेल्या फुलासारखा टिकणार नाही, आणि दुसरा वर्षभराने.

फुले गळून पडली की सुकलेला दांडा कापावा. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरावी किंवा स्पिरिटने पुसावी. एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे नेण्याचे काम कात्रीच करते. काप घेतल्यावर चिमूटभर दालचिनीची पूड लावली तर बुरशी लागत नाही. ही पूड मुळांना लावू नये, ती वाळवते.

एखाद्या मधमाशीने काम केले असेल तर दांड्यावर एक-दोन शेंगा धरतील. घरच्या रोपाची शेंग काढून टाकावी. ती पिकायला बरेच महिने घेते आणि रोपाची सगळी ताकद ओढते. ओंडका गावच्या आंब्यावर असेल तर शेंग राहू द्यावी. गॅलरीतली शेंग काढल्यावर ती फोडून आतली पूड मोगऱ्याच्या कुंडीत पेरून पाहावी असे कोणालाही वाटेल. पेरावी. काही होणार नाही, आणि मोगऱ्याला शेणपाणी तरी मिळेल.